तुमचा हेर फार बोलतो

ताई, नमस्कार.

मी नारायण पेठेत राहतो, हिंजवडीत नोकरी करतो आणि रात्री जेवणं उरकली की गुप्तहेर कादंबरी लिहितो. नायक दळवी, खात्यातून बाहेर पडलेला फौजदार. अप्पा बळवंत चौकाजवळच्या जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर त्याचं ऑफिस. अमेरिकन हार्डबॉइल्ड कथा, म्हणजे रोखठोक बोलणाऱ्या कठोर हेरांच्या, कॉलेजपासून वाचतोय आणि तसे धारदार संवाद मराठीत आणायचेच, असा हट्ट आहे. वीस प्रकरणं झाली. मित्राला वाचायला दिली तर तो म्हणाला, ‘सगळी पात्रं एकाच माणसासारखी बोलतात आणि तो माणूस म्हणजे अंघोळ करताना मनातल्या मनात भांडण जिंकणारा तू.’ बायको म्हणाली, डब केलेला सिनेमा बघतेय असं वाटतं. पुणेकराला टोमणा शिकवावा लागत नाही म्हणतात, मग माझ्या संवादांना धार का येत नाही? काही युक्ती असते का? शिव्या वाढवू का? पहिलं, नववं आणि चौदावं प्रकरण सोबत जोडलंय. परखड सांगा.

– अर्धवट हेर


अर्धवट हेर यांस,

तुमच्या मित्राचं खरं आहे आणि बायकोचं त्याहून खरं आहे. पहिल्या प्रकरणातला एक तुकडा इथे उतरवते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल आपण कशाबद्दल बोलतोय. नवरा नाहीसा झालेली बाई पहिल्यांदाच दळवीच्या दारात उभी राहते.

‘मिस्टर दळवी, मी संकटात आहे!’
‘संकटं माझ्याकडे चालतच येतात, मॅडम. काही तर उंच टाचा घालून येतात.’
‘माझा नवरा बेपत्ता आहे!’
‘या शहरात नवरे बेपत्ता होत नाहीत. फक्त पत्ता बदलतात.’
‘तुम्ही नेहमी असंच बोलता?’
‘समोरचं सौंदर्य प्राणघातक असेल तरच.’

दळवी इथे दर वाक्याला जिंकतो. कोणापुढे, तर चार रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या बाईपुढे. ती खरी असती तर दुसऱ्या वाक्यालाच पर्स उचलून जिना उतरली असती. आणि दळवीचं वाड्याचं भाडं थकलंय, मालक रोज येता-जाता खाकरतो, हे तुम्हीच आधीच्या पानावर लिहिलंय. म्हणजे त्याला हे काम हवंय. ज्याला काम हवंय तो पहिल्या मिनिटाला गिऱ्हाइकाचा अपमान करत नाही. इथे दळवी बोलतच नाहीये. तुम्ही बोलताय, आणि तुमचं काहीच पणाला लागलेलं नाही.

हार्डबॉइल्ड हेराचं उलट बोलणं जिथून आलं तिथली हवा आठवा. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. चोरट्या दारूच्या पैशावर टोळ्या पोसल्या गेल्या आणि शहरोशहरीचे पोलीस नि पुढारी त्यांच्या खिशात गेले. ‘ब्लॅक मास्क’ हे स्वस्त कागदावरचं मासिक १९२० मध्येच निघालं आणि त्याच्या पानांवर हा हेर घडला. डॅशिएल हॅमेट लेखक होण्याआधी पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीत नोकरीला होता. रेमंड चँडलर जन्माने अमेरिकन, पण शाळा इंग्लंडातली. तेल कंपनीतली नोकरी १९३२ मध्ये गेली, दुसऱ्या वर्षी पहिली कथा त्याच मासिकात छापून आली, तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता. एकाच्या कानाला रिपोर्ट लिहिण्याचं वळण, दुसऱ्याला परक्या मुलखातून परत आलेल्या माणसाचा कान. या दोघांचा हेर कोणाला उलट बोलतो ते बघा. ज्याच्या हाताखाली माणसं आहेत त्याला, ज्याच्याकडे बिल्ला आहे त्याला, ज्याच्या बंगल्याच्या दारात त्याला अर्धा तास उभं केलंय त्याला. आणि पुढच्याच पानावर तो त्याची किंमत मोजतो. कधी मार खातो, कधी हातचं काम जातं.

आपल्या रहस्यकथेची सवय वेगळी. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळापहाड धावून येणार, हे वाचकाने गृहीतच धरलेलं असायचं. तो आनंद मी लहानपणी भरपूर लुटलाय. पण तुम्ही निवडलेला हेर त्या घराण्यातला नाही. याच्यासाठी कोणी दार उघडून वाट बघत बसलेलं नाही.

आता पुणेरी टोमण्याबद्दल. टोमणा मारणारा माणूस बहुतेक वेळा सुरक्षित जागी असतो. काउंटरच्या आतल्या बाजूला असतो, स्वतःच्या गॅलरीत असतो किंवा पाटी लावून घरात वामकुक्षी घेत असतो. तुम्ही उलट बोललात तर त्याचं काय जाणार? म्हणून तो टोमणा मजेशीर असतो आणि म्हणूनच तो दळवीच्या कामाचा नाही. पण तुमच्या कादंबरीत काउंटरच्या आत बसलेली माणसं पुष्कळ आहेत: वाड्याचा मालक, दुय्यम निबंधक कार्यालयातला क्लार्क, बिल्डरचा वकील, हॉस्पिटलच्या बिलिंगवरचा माणूस. पुणेरी टोमणे यांना वाटून टाका. दळवीला ते गिळायला लावा. तो गिळतोय हे दिसलं की वाचक आपोआप त्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो, आणि मग चाळीस पानांनी त्याने एकदाच तोंड उघडलं तरी पुरतं.

दळवीची परिस्थिती तुम्ही उगाच सोपी केली आहे. त्याच्या खणात पिस्तूल आहे आणि खिशात ‘डिटेक्टिव्ह लायसन्स’ आहे. असं लायसन्स आपल्याकडे मिळत नाही. खासगी गुप्तहेर संस्थांवर नियंत्रण आणणारं विधेयक २००७ साली राज्यसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा झालाच नाही. खासगी गुप्तहेराला कोणाला थांबवायचा, झडती घ्यायचा, कागद मागायचा अधिकार नाही. मोबाइलचे सीडीआर, म्हणजे कोणी कोणाला कधी फोन केला याच्या नोंदी, बेकायदा मिळवल्याबद्दल २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी खासगी गुप्तहेरांना अटक केली होती, म्हणजे तुमच्या सहाव्या प्रकरणात (पत्राला जोडलेल्या सारांशात वाचलं) दळवी जे पाच मिनिटांत करतो त्यासाठी तो आत जाऊ शकतो. आणि एरवी तो करतो काय, तर लग्नाआधीची चौकशी. मुलगा खरंच पुण्यात फ्लॅट घेऊन राहतो का, पितो का, आधी कुठे मोडलंय का. पिस्तूल आणि लायसन्स दोन्ही काढून घ्या. मग त्याच्याकडे बोलणं एवढंच उरतं आणि संवादांना आपसूक काम मिळतं.

तुमचाच प्रसंग, याच बाईचा. वय पन्नाशीचं धरते, माहेर-सासर दोन्ही मुळशीकडचं, आता राहायला कोथरूडला.

‘किती दिवस झाले?’
‘मंगळवारपासून.’
‘आज शनिवार.’
‘हो.’
‘पोलिसांत गेलात?’
‘दीर म्हणाले, थांबू दोन दिवस.’
‘दीर काय करतात?’
‘त्यांचा काय संबंध?’
‘काय करतात?’
‘शेती.’
‘कोणाच्या नावावर आहे?’
‘मी जमिनीचं काही बोललेच नाही.’
‘नाही बोललात.’

यात एकही चमकदार वाक्य नाही. दळवीने विनोद केला नाही, धमकी दिली नाही, सिगारेटसुद्धा पेटवली नाही. पण शेवटच्या दोन शब्दांनी खोलीतलं काहीतरी सरकतं, कारण बाईने जे झाकायचं ठरवलं होतं ते तिच्याच तोंडून बाहेर पडलं आणि दळवीने फक्त त्याची पोच दिली. ‘दीर काय करतात’ हा प्रश्न तो दोनदा विचारतो, तेही बघा. तिने प्रश्नाला प्रश्न केला, तो स्पष्टीकरण देत बसला नाही. तुमच्या पानांवर प्रत्येक प्रश्नाला लगेच आणि पुरेपूर उत्तर मिळतं. इतकं सरळ आपल्याकडे कोण बोलतं? ‘कधी आलात गावाहून?’ असं विचारलं तरी आधी ‘का हो?’ येतं.

‘नवरे बेपत्ता होत नाहीत, पत्ता बदलतात’ हे तुमचं वाक्य मात्र मला आवडलं. ते टाकून देऊ नका, फक्त ते दळवीचं नाही. सारांशाप्रमाणे अकराव्या प्रकरणात त्याला नवरा सापडतो, मोशीच्या एका फ्लॅटमध्ये, दुसऱ्या बाईबरोबर. हे तिला सांगायला दळवी कोथरूडला जातो आणि चहाचा कप हातात धरून नुसता बसून राहतो. तेव्हा ती म्हणू दे:

‘पत्ता बदललाय, एवढंच ना?’

शब्द जवळपास तेच आहेत. पहिल्या ठिकाणी ते फुकट होते, इथे ते उच्चारायला तिला किती लागलं असेल ते वाचकाला कळतं. तुम्ही युक्ती विचारलीत ना, तर तुमच्या वीस प्रकरणांतलं प्रत्येक चांगलं वाक्य शोधा आणि ते बोलणाऱ्याचं त्यात काय जातं ते बघा. काहीच जात नसेल तर ते त्याच्याकडून काढून ज्याला परवडत नाही अशा कोणाला तरी द्या.

इंग्रजीत वाचून वाचून एक गोष्ट तुमच्या हातून निसटली आहे. आपल्याकडे तू आणि तुम्ही आहे. तुमच्या पानांवर दळवी सगळ्यांना तुम्ही म्हणतो, खलनायक सगळ्यांना तू. इतकं सोपं करून कसं चालेल? वीस वर्षं ज्याला ‘साहेब, तुम्ही’ म्हटलं त्याला हवालदार एका दुपारी ‘बस तिकडे’ म्हणतो, तेव्हा वेगळं काही लिहावंच लागत नाही, साहेब निलंबित झालेत हे कळतं. हा बदल अख्ख्या कादंबरीत एखाद-दुसऱ्या वेळी करा. उलट्या दिशेचा तर आणखी टोचतो. भाऊ बहिणीला जन्मभर तू म्हणत आलाय, आणि वडील गेल्यावर तेराव्यानंतर फोनवर म्हणतो, ‘तुम्ही लोक कधी येताय?’ तुमची कोथरूडची बाई तिच्या वयाप्रमाणे नवऱ्याला ‘हे’ म्हणणार: ‘हे म्हणाले’, ‘यांचा फोन बंद येतोय’. मोशीचं कळल्यावर तिचं पहिलं वाक्य ‘तो एकटा आहे का तिथे?’ असं लिहा आणि पुढे तिच्या चेहऱ्याचं वर्णन करू नका. नायिका तिशीची असती तर हे जमलं नसतं, ती पहिल्यापासून नावानेच बोलली असती. तेव्हा पात्राचं वय आधी ठरवा.

धमकीचंही तसंच. तुमचा बिल्डरचा माणूस दळवीला म्हणतो, ‘या प्रकरणातून बाजूला हो, नाहीतर तुझा मुडदा पडेल!’ असं बोलणाऱ्याला कोणी भीत नाही. मुळशी, वाघोली, हिंजवडी या पट्ट्यात जमिनीच्या मागे फिरणारी माणसं दादा-भाऊ केल्याशिवाय तोंड उघडत नाहीत.

‘दादांनी नमस्कार सांगितलाय.’
‘कशाबद्दल?’
‘असाच. ताई सकाळी क्लासला टिळक रोडनेच जाते ना आपली?’
दळवी काही बोलला नाही.
‘सिग्नलला सांभाळून म्हणावं. फार बेशिस्त झालीये हो वाहतूक.’

पुण्यात वाहतुकीची तक्रार कोणीही कोणाशीही करतो, त्यामुळे या वाक्याला कोणत्याही पोलीस ठाण्यात कोणी हात लावू शकणार नाही. बोलणाऱ्यालाही ते माहीत आहे. ‘आपली ताई’ मधली आपुलकी काढून टाकून बघा, धमकी निम्मी होते.

जमीन हाच तुमच्या कादंबरीचा विषय आहे, हे तुम्ही ओळखलंत हे उत्तम केलंत. अमेरिकेत जे दारूने केलं ते पुण्याच्या आसपास जमिनीने केलं असं मला वाटतं. पण मग त्या धंद्याची भाषा आणा. तुमची पात्रं ‘करार’ आणि ‘दस्तऐवज’ म्हणतात. माणसं साठेखत म्हणतात, कुलमुखत्यार म्हणतात, सात-बाऱ्यावर नाव चढलं का विचारतात, टोकन किती दिलं ते विचारतात. हे शब्द नुसते पेरायचे नाहीत, त्यांच्या अवतीभोवती भांडण असतं ते आणायचं. वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा बहिणीने सोडावा म्हणून तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात. त्यासाठी भावाचा फोन येतो.

‘सहीला नाही बोलवत गं, जेवायला बोलवतोय.’
‘पेन माझं आणू का?’

असली बहीण तुमच्या कादंबरीत कुठेतरी असायला हवी. दळवीपेक्षा ती जास्त बोचरी बोलेल आणि तिला गुप्तहेर कथा वाचाव्या लागलेल्या नसतील.

आता नववं प्रकरण. खुनाचा संशयित पोलीस ठाण्यात तीन पानं भडाभडा कबुली देतो, पीआय, म्हणजे पोलीस निरीक्षक, टेबलावर मूठ आपटतो. तुम्ही कायदा न बघता लिहिलंय आणि त्यामुळे संवादही वाया गेलाय. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध कोर्टात शाबीत करता येत नाही. आधी ते पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमात आहे. मात्र आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरती ती माहिती चालते. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना माहीत असतं की ‘होय, मीच मारलं’ या वाक्याला फारसा भाव नाही. भाव आहे हत्यार कुठे आहे याला. हे एकदा लक्षात आलं की तुमच्या पीआयला मूठ आपटायचं कारणच उरत नाही.

‘चहा घेणार?’
‘नको.’
‘मुठा की खडकवासला?’
‘काय?’
‘कोयता. मुठेत असेल तर गाळात माणसं उतरवावी लागतील. खडकवासल्यात असेल तर बोट मागवावी लागेल. मला उद्या पोरीच्या शाळेत जायचंय.’
‘मी काही टाकलं नाही.’
‘बरं. चहा सांगतो.’

त्याला चहा नकोय हे त्याने सांगून झालंय. तरी पीआय चहा सांगतो, म्हणजे रात्र मोठी आहे. खून कसा झाला, का झाला, याची चौकशी त्याने केलीच नाही. तुमच्या पीआयने केलेल्या आरडाओरड्यापेक्षा मला याची जास्त भीती वाटते. जाता जाता: तुमचा जुना हवालदार खुनाला ‘तीनशे दोन’ म्हणतो ते तसंच राहू द्या, नवा शिपाई ‘एकशे तीन’ म्हणू दे. कागदावर आता न्याय संहितेचं १०३ असतं, पण तीस वर्षं जिभेवर बसलेला आकडा निवृत्तीपर्यंत जात नसतो. दोघांच्या वयातलं अंतर तेवढ्यात निघतं.

पोलीस ठाण्यातला सगळ्यात मोठा ऐवज तुम्ही उचललाच नाही, तो म्हणजे जबाब. माणूस बोलतो एक भाषा आणि कागदावर उतरते दुसरी: ‘समक्ष विचारलेवरून जबाब देतो की’, ‘सदर इसम’, ‘राहते घरी’. या दोन भाषा समोरासमोर आणा.

‘तो रात्री पिऊन आला आणि माझ्या तोंडावर दार आपटलं.’
हवालदार लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाला, ‘सदर इसम मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत…’
‘पिऊन आला.’
‘तेच लिहितोय, ताई.’
‘दार आपटलं तेही लिहा.’
‘दाराला कलम नाही.’

हवालदार दुष्ट नाही. दुपारचे तीन वाजलेत, मागे अजून माणसं बसलीत, तो त्याचं काम करतोय. म्हणून ते वाक्य जास्त लागतं. कठोर बोलण्यासाठी माणूस कठोर असावाच लागतो असं नाही, थकलेला असला तरी भागतं.

बोलीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सांगावंसं वाटतंय. तुमच्या कादंबरीत पेठेतली माणसं शुद्ध बोलतात आणि गुन्हेगार तेवढे ‘म्या’, ‘हाय’, ‘न्हाय’ करतात. हे मला खटकलं, आणि नुसतं कलेच्या अंगाने नाही. पुण्यात जमिनीचे सगळ्यात मोठे घोळ प्रमाण मराठीत आणि चांगल्या अक्षरात होतात. मुळशीचा माणूस दाखवायला दोन-तीन खुणा पुरतात. एखादं क्रियापद, एखादं संबोधन, वाक्य कुठे तोडतो ते. बाकी सरळ लिहा, वाचक आवाज लावून घेतो. लातूरहून आलेला शिपाई आणि साताऱ्याचा फौजदार एकमेकांपेक्षा वेगळे बोलतात, त्यांच्यातलं अंतर पकडा. रागावलेला पुणेकर मध्येच हिंदीत शिरतो, तेही कधीतरी वापरून बघा.

उपमांचा तुम्हाला सोस आहे आणि तो या प्रकारात शोभतोही. पण ‘तिचं हसू मार्टिनीसारखं कोरडं होतं’ हे दळवीला कुठून सुचलं? तो परमिट रूममध्ये रमची क्वार्टर घेणारा माणूस आहे. त्याला जे माहीत आहे त्यातूनच त्याने बोलावं. ‘तिचा चेहरा पंचनाम्यावरच्या पंचासारखा होता, सही केलेली, पाहिलेलं काही नाही’ असं काहीतरी तो म्हणू शकेल. प्रकरणाला अशी एक पुरे, आणि ती तोंडाने न बोलता त्याच्या मनात राहिली तर उत्तम.

शिव्या वाढवू नका. आहेत त्यातल्या बऱ्याचशा काढा आणि राहिलेली एक त्या सोवळ्यातल्या वाडामालकाला द्या. ‘गरजला’, ‘फुत्कारला’, ‘कडाडला’ हे सगळे ‘म्हणाला’ करा, नाहीतर तेही काढून टाका. उद्गारचिन्हं झाडून काढा.

कान तयार करायचा तर शनिवार-रविवार घरात बसून सिनेमे बघू नका. एखादी रजा टाका आणि शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात चहा घेत बसा, तारखेला आलेले दोन भाऊ एकाच बाकावर मध्ये पिशवी ठेवून बसतात ते बघा. मार्केट यार्डात पहाटे भाव कसा बोलला जातो ते ऐका. चांगली वाक्यं टिपू नका, ती तुम्हाला घरी बसूनही सुचतात, तोच तर घोळ आहे. कुठे कोणी विचारलेल्याचं उत्तर दिलं नाही, कुठे माणूस अर्ध्यावर थांबला आणि समोरच्याने ते वाक्य पुरं करायचं मुद्दाम टाळलं, ते टिपा. नावं आणि तपशील मात्र तिथेच सोडून या. लोक तिथे स्वतःच्या अडचणीत आलेले असतात. घरी आल्यावर प्रसंग आधी दळवीच्या रिपोर्टसारखा लिहा: कोण किती वाजता आलं, कुठे बसलं, काय मागितलं, काय मिळालं. मग त्यात बोलणं घाला. ज्या बोलण्याने रिपोर्टमधलं काहीच बदलत नाही ते राहू द्यायचं कारण नाही. आणि बाईचे संवाद बायकोला मोठ्याने वाचायला सांगा. ती जिथे अडखळेल तिथे वाद न घालता खूण करा.

राहिलं चौदावं प्रकरण. ते तुम्ही घाईत लिहिलेलं दिसतंय आणि तेच सगळ्यात बरं उतरलंय. वाड्यातला म्हातारा भाडेकरू, मालक वाडा पाडायला निघालाय, दळवी त्याला माळ्याच्या खोलीबद्दल विचारतो.

‘किल्ली तुमच्याकडे असते?’
‘असायची.’

हे तुमचंच आहे, माझा त्यात हात नाही. पण पुढच्याच ओळीत दळवी मनाशी म्हणतो की ‘असायची’ या एका शब्दात म्हाताऱ्याचं अख्खं आयुष्य, मालकाने केलेला दगा आणि बदलत्या पुण्याची व्यथा सामावलेली आहे. ती ओळ तेवढी काढा. आणि दळवीला सरळ विचारू दे, ‘कधीपासून नाही?’

– ताई